पोटाकडे बघणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नसत, पोटाकडे बघत. प्राचार्य असोत, पोस्टमन असो की गॅदरिंगचे प्रमुख पाहुणे असोत, मॅडमची नजर शर्टाच्या शेवटून दुसऱ्या बटणावर. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा आणि मनात समोरच्याच्या श्वासांची मोजणी. नवा माणूस आधी गोंधळायचा, मग बटणं चाचपायचा, मग पोट आत ओढून धरायचा. पोट आत ओढलं की श्वास दिसेना आणि मॅडम खेकसायच्या, "सोडा! पोट सोडा आधी!" नाशिकच्या आमच्या नर्सिंग कॉलेजातले शिपाई इतके सडसडीत होते की पोलीस भरतीवाले त्यांना बघून उसासे टाकत. त्याचं कारण व्यायाम नव्हता, मॅडम होत्या.

त्या आम्हाला औषधशास्त्र शिकवायच्या. त्यातही मेंदूवर काम करणारी औषधं, म्हणजे झोपेची, फिटची, वेडाची, वेदनेची, हा त्यांचा खास मुलूख. तिथे त्या वाघिणीसारख्या फिरायच्या आणि आम्ही शेळ्यांसारखे बाकाखाली बघायचो. पहिल्याच तासाला त्यांनी खडू ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, "हृदयाचं औषध चुकलं तर मॉनिटर बोंबलतो. मेंदूचं चुकलं तर पेशंट शांत झोपतो, नातेवाईक तुम्हाला थँक्यू म्हणतात, आणि मग तो मरतो. म्हणून थँक्यू ऐकलं की घाबरायचं." त्या दिवसापासून आमच्या वर्गातली पोरं चहावाल्याने थँक्यू म्हटलं तरी दचकत.

औषधांशी त्यांचं नातं माणसांसारखं होतं. फिटवरच्या फेनिटोइनला त्या 'आपले खारट जावईबापू' म्हणत, कारण ग्लुकोजच्या बाटलीत घातलं की ते नाक मुरडून गढूळ होतं. ते नांदतं फक्त सलाइनमध्ये. डायझेपाम शिरेतून कसं हळू द्यायचं हे शिकवताना सिरिंज आमच्या हातात देऊन त्या शेजारच्या देवळातली आरती सुरू व्हायची वाट बघत. आरती संपायच्या आत दट्ट्या तळाला लागला तर, "गेला तुझा पेशंट. आता आरती त्याच्यासाठी म्हण."

तोंडी परीक्षेत त्या स्वतःच पेशंट व्हायच्या. टेबलावर चादर ओढून आडव्या. "ऑपरेशन झालंय हो, मरणाचं दुखतंय, मॉर्फिन द्या की!" आपण आधी श्वास मोजायचा, हाक मारायची, बाहुल्या बघायच्या आणि मग ठरवायचं. इकडे मॅडम कण्हता कण्हता श्वास असा हळूहळू लांबवत न्यायच्या की बघणाऱ्याच्याच घशाला कोरड पडावी. जो गडबडून इंजेक्शन 'द्यायचा' त्याच्या हातून मॅडम मरायच्या. हात टेबलाखाली लोंबायचा, जबडा उतरायचा, आणि त्या तशाच राहायच्या. मग वर्गातल्या दोन मुली आई आणि बायको म्हणून उभ्या राहणार आणि मारणाऱ्याने त्यांना जाऊन बातमी सांगायची. मी मॅडमना दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी बातमी सांगताना माझीच बोबडी वळली, 'आई' झालेली मुलगी खरोखर हंबरडा फोडून रडली, आणि बाहेरून जाणाऱ्या क्लार्कने शोकसभा समजून चपला काढल्या.

"अफूची सगळी जात," टेबलावरून उठून पदर सावरत त्या म्हणायच्या, "गळा दाबत नाही. विसराळू करते. माणूस श्वास घ्यायचंच विसरतो. पण आठवण केली की घेतो. जोवर हाक ऐकू येते तोवर तो आपला आहे."

झोपलेला माणूस दिसला की त्यांना राहवत नसे. एकदा कळवणहून येणाऱ्या एसटीत, ओझरच्या फॅक्टरीत रात्रपाळीला जाणारा एक धिप्पाड गडी दिवसाच झोप उरकून घेत होता. मॅडमनी त्याच्या छातीच्या हाडावर बोटाचं पेर असं काही दाबलं की तो थेट कंडक्टरच्या मांडीवर गेला.

"ओ बाई, झोपलोय मी!"

"समजलं. आता झोपा."

आम्ही हसायचो, त्यांच्या नकला करायचो. मग सुवर्णाचं लग्न आलं.

सुवर्णा आमच्याच वर्गातली. देवळ्याकडची, कांद्याच्या घरातली. लग्न आडगावच्या पलीकडे एका लॉन्सवर, मे महिन्यात, भर दुपारी. उकाडा असा की मंडपातल्या कूलरना घाम फुटला होता आणि आइस्क्रीमच्या काउंटरवर लोक चमच्याऐवजी पेले मागत होते. सुवर्णाच्या आजोबांना, म्हणजे आबांना, कॅन्सर होता, हाडांत उतरलेला. कूस बदलायची म्हटली तरी ओरडायचे. नातीवर अक्षता टाकायच्या आणि त्या बसून टाकायच्या, एवढी एकच मागणी त्यांनी घरच्यांकडे लावून धरली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना वेदनेची पट्टी दिलेली होती, फेंटानिलची. अफूच्याच जातीची, मॉर्फिनपेक्षा कितीतरी जहाल. अंगावर चिकटवायची, कातडीतून औषध तीन दिवस झिरपत राहतं, मग ती काढायची आणि नवी लावायची. दिसायला मात्र इतकी साधी की बोट कापल्यावर पोराला लावतो तसली वाटावी.

आबा पहिल्या रांगेत सोफ्यावर होते. गुलाबी फेटा, नवा सदरा, मान एका खांद्यावर. झोपले होते. मी आणि मॅडम मागच्या रांगेत कडेला, जिथून ते बाजूने दिसत होते. मंगलाष्टकं सुरू झाली, लोकांनी अक्षता उधळायला सुरुवात केली. मॅडमच्या अक्षता मुठीतच. त्या पुढे वाकल्या होत्या आणि आबांच्या पोटाकडे बघत होत्या.

"मॅडम, लग्नात तरी," मी हळूच म्हटलं.

"गप्प बस. बघ."

मी बघितलं. आबांचं पोट वर आलं, खाली गेलं आणि थांबलं. मी वाट बघितली. स्टेजवरच्या गुरुजींची अख्खी एक ओळ संपली. मग कुठे पोट परत हललं.

मॅडम सोफ्याला वळसा घालून आबांसमोर गेल्या. "आबा! ओ आबा!"

शेजारी सुवर्णाची आत्या होती. तिने मॅडमचा हातच धरला. "अवो मॅडम, झोपू द्या ना त्यास्नी. दोन महिने झाले, डोळ्याला डोळा नाय. आज कुठं शांत पडलेत. देवच पावला."

"फार शांत आहेत, ताई. सोडा हात."

मॅडमनी छातीच्या हाडावर पेर दाबलं. एसटीतला गडी उडाला होता, आबांच्या फक्त भुवया हलल्या. मी मोबाईलचा उजेड धरला, त्यांनी पापणी उचलली. बाहुली मोहरीएवढी, अफूची खूणच. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे.

गर्दी जमायला लागली. कोणी म्हणे चक्कर आली, कोणी म्हणे कांदा हुंगवा, एक मामा पाण्याची बाटली घेऊन तोंडात ओतायलाच निघाले. मॅडमनी ती बाटली त्यांच्या हातून ओढून घेतली. एवढ्यात सुवर्णाचे वडील, अण्णा, धावत आले. उंचापुरा माणूस, पण चेहरा पांढरा.

"पट्टी कुठं आहे, अण्णा?"

"छातीवर. सकाळीच नवी लावली की."

"आणि जुनी?"

"ती पाठीवर हाय. घट्ट चिकटून व्हती, म्हटलं आसू द्या, औषध कशाला वाया घालवायचं. आज बसायचं व्हतं ना आबाला."

मॅडमचा हात तोवर आबांच्या सदऱ्यात पाठीकडे गेला होता. "पाठ एवढी गरम कशी?"

"गाडीत लय हादरे बसले. दुखत व्हतं. मग खोलीत गरम पाण्याची पिशवी ठेवून शेकली. पट्टीवरनंच शेकली, मॅडम. औषध चांगलं मुरंल म्हटलं."

औषध चांगलंच मुरलं होतं. जे तीन दिवसांत थेंबाथेंबाने झिरपायचं ते शेकाने सपाट्याने आत ढकललं होतं, आणि वर छातीवरच्या नव्या पट्टीची भर होतीच. मी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं आता त्या अण्णांना उभं चिरतील. आम्हाला त्यांनी याच्या शंभराव्या हिश्श्याच्या चुकीसाठी सोलून काढलं होतं. पण त्या अण्णांना एवढंच म्हणाल्या, "गाडी आणा. दारातली कुठलीही."

टिश्यूने धरून त्यांनी दोन्ही पट्ट्या सोलल्या, चिकट बाजू आत दुमडली, आणि मामांच्याच बाटलीतल्या पाण्याने कातडी पुसली. "साबण नको, काही चोळू नका, नुसतं पाणी." मग आबांच्या कानाला लागून, "आबा, श्वास घ्या!"

आबांनी घेतला. मोठा, खोल. मॅडम थांबल्या. आबाही थांबले. "आबा, श्वास घ्या!" परत घेतला. तेव्हा मला कळलं की म्हातारा आता मॅडमच्या आवाजावर चाललाय.

स्टेजवर अंतरपाट धरलेला होता. त्याच्या कडेवरून सुवर्णाचं तोंड दिसलं. तिनेही मॅडमना दोनदा मारलेलं होतं. आजोबांची पापणी का उचलली हे त्या मंडपात तिला सांगावं लागणार नव्हतं. ती पाटावरून एक पाऊल उतरली. मॅडमनी लांबूनच तळहात दाखवला: तिथेच थांब. ती थांबली. अण्णा एकदा स्टेजकडे आणि एकदा बापाकडे बघत राहिले, मग भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कन्यादान तू कर," आणि गाडीकडे पळाले.

दारात मोकळी होती ती फक्त नवरदेवाची गाडी. बॉनेटवर गुलाबाचा गालिचा, काचेवर दोघांची नावं, आत अत्तराचा इतका वास की आजारी माणसाने त्यानेच उठावं. मॅडमनी १०८ लाही फोन करवला, पण थांबायला त्या तयार नव्हत्या. दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आमच्याच बॅचची एक मुलगी ड्यूटीवर होती. अफूवरचा उतारा तिथेच होता. तिला फोनवर, "नॅलॉक्सोन भरून दारात उभी राहा," असं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्याला फोनची गरज नव्हती.

मागच्या सीटवर आबा मधे, त्यांचा जबडा वर धरून मी, पलीकडे मॅडम. पुढे अण्णा. गाडी हायवेला लागली.

"आबा, श्वास घ्या!"

काही वेळ चाललं. मग हाक पोचायला उशीर लागायला लागला. आबा खोल चालले होते. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि आवाज बदलून एकदम म्हणाल्या, "आबा, देवळ्याचा कांदा मी खाल्लाय. पाणचट असतो."

अण्णांनी मान गर्रकन वळवली. आबांच्या पापण्या थरथरल्या.

"साठवला की महिन्यात कुजतो म्हणे. तुमचा तर बाजारात कुणी उचलत नाही."

म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला, कारण शिवी द्यायला वारा लागतोच. "मना कांदा पानचट?" आवाज विहिरीतून आल्यासारखा. "तुना बाप पानचट!"

"शाबास! अजून बोला. श्वास घ्या आणि बोला."

असं कुठल्या पुस्तकात नाही आणि मी कुणाला शिकवतही नाही, पण आडगावपासून पुढे आबांना त्यांच्या संतापाने जिवंत ठेवलं. मॅडमनी त्यांचा कांदा काढला, बैल काढले, विहीर काढली. अण्णा पुढे बसून ढसाढसा रडत होते आणि मधेच म्हणत होते, "मॅडम, लय बोलू नका हो त्यास्नी." ड्रायव्हर बिचारा आरशात बघून घाबरला. त्याला वाटलं, वऱ्हाडात मानपानावरून भांडण झालंय.

द्वारकेच्या चौकात गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे रिक्षा, शेजारी टोमॅटोचे क्रेट भरलेला टेम्पो. आणि नेमका तिथेच कांदा संपला. मॅडम काहीही बोलल्या तरी आबा हलेनात.

"अण्णा, यांना सगळ्यांत जास्त राग कुणाचा?"

"चुलत्याचा. बांधावरनं. तीस वर्षं बोलले नायत."

"आबा! तुमच्या भावाचं बरोबर होतं. बांध तुम्हीच कोरला!"

काही नाही.

"चोर तुम्ही होतात, आबा!"

पोट खाली गेलेलं वर येईना. मॅडमनी आबांची मान मागे केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास फुंकला. छाती उचलली गेली. परत फुंकला. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर ओघळलं होतं. अण्णा गाडीतून उतरले आणि भर चौकात हात जोडून ट्रकवाल्यापुढे उभे राहिले. फेटा बांधलेला, रडणारा, धिप्पाड माणूस. ट्रक हलला. ट्रॅफिक हवालदार फुलांची गाडी बघून हसत पुढे आला, काचेतून आत डोकावला, आणि जे दिसलं त्यानंतर त्याने शिट्टी अशी फुंकली की नाशिकरोडपर्यंतचे सिग्नल हिरवे झाले असतील. तो गाडीपुढे पळत सुटला. मी जबडा धरून होतो आणि मॅडमच्या दोन फुंकांमधलं अंतर मला सगळ्या आयुष्याएवढं वाटत होतं.

दवाखान्याच्या दारात ती मुलगी खरोखर सिरिंज घेऊन उभी होती. डॉक्टरांनी नॅलॉक्सोन दिलं. थोडं. वाट बघितली. परत थोडं. आबांनी आपणहून एक श्वास घेतला. मग दुसरा. अण्णा भिंतीला पाठ लावून खाली बसले.

आणि मग आबा ओरडले.

ते औषध अफूला हुसकावून लावतं, पण जाताना वेदनेवरचं पांघरूणही ओढून नेतं. इतके दिवस दबलेलं सगळं दुखणं एकदम हाडांत उतरलं. आबांनी मॅडमचं मनगट धरलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "बाई, मी चांगला झोपलो होतो. कशाला आणलं मला परत?"

मॅडमनी त्यांचे श्वास मोजले. मनगटावर वळ उठेपर्यंत त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

पट्टीचं औषध कातडीखाली मुरून राहतं, पुढेही झिरपतं, म्हणून आबांना ठेवून घेतलं. नॅलॉक्सोनचा जोर ओसरला की परत गुंगी येते का, हे बघत मॅडम खुर्ची टाकून तिथेच बसल्या. गुंगीचा धोका टळल्यावर डॉक्टरांनी मॉर्फिन अगदी कमी प्रमाणात, बेताबेताने सुरू केलं, आणि काही दिवसांनी सांगितलं, आता घरी न्या, पण पट्टी लावूनच. पहिल्यापेक्षा लहान.

अण्णा नाही म्हणाले.

"परत ते इख नको. दुखंल तर दुखंल. बाप जित्ता राहू द्या."

आत आबा टॉवेल दातांत धरून पडले होते. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. पण ऐकू येत होतं.

मॅडम अण्णांना व्हरांड्यात घेऊन गेल्या. मी नुकत्याच झालेल्या ब्रदरच्या, म्हणजे पुरुष नर्सच्या, ऐटीत मागोमाग गेलो. त्या म्हणाल्या, "अण्णा, ऐकू येतंय ना? असं तुम्ही घरी किती ऐकणार?"

"मी मारला असता त्याला, मॅडम. ह्या हातानं."

"हो," मॅडम म्हणाल्या. उगाच समजूत घातली नाही. "म्हणून आता तुम्हीच शिकायचं. घरी लावणार कोण? सुवर्णा सासरी गेली. मी काय देवळ्याला येऊन राहू?"

"माझ्या हातनं नको."

"तुमच्याच हातानं."

खोलीत आणून त्यांनी अण्णांना हात धुवायला लावले. स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, परीक्षेत राहायच्या तशा. आधी अंगावर दुसरी पट्टी नाही ना ते बघा. पाठ बघा. छाती बघा. दंड बघा. कुठे लावणार? कधी काढणार? काढल्यावर तिचं काय करणार? झोपले तर काय बघणार? अण्णा एकेक उत्तर देत होते, चौथीतल्या पोरासारखे, घसा खाकरत. एकदा चुकले. मॅडमनी परत पहिल्यापासून विचारलं.

पट्टीचा कागद सोलताना ती अण्णांच्याच अंगठ्याला चिकटते की काय, असं मला वाटलं. छातीजवळ नेली आणि हात तिथेच थांबला.

आबांनी टॉवेल तोंडातून काढला. "लाव रे. मी घाबरत नही, तू काब्र घाबरस?"

अण्णांनी लावली.

"आता वर तळहात ठेवा. दाबून धरा. चिकटली पाहिजे सगळीकडून."

अण्णांनी कांद्याच्या गोण्या उचलून दगड झालेला तो पंजा बापाच्या छातीवर ठेवला. छाती त्या पंजापुढे पाखराएवढी दिसत होती.

"झालं, पुरे," मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी हात काढला नाही.

"ऊन शे तुना हात," आबा लेकाला म्हणाले. मग मान कशीबशी वळवून त्यांनी मॅडमकडे बघितलं. "काय बाई, हा बी शेकच झाला ना?"

"एवढा चालतो," मॅडम म्हणाल्या.